दुपारी बारा वाजता घरी कोण असतं?

पश्चिमेला तोंड करून काचेची इमारत बांधायची. मे महिन्यातलं दुपारी चारचं ऊन त्या काचेतून सरळ आत घ्यायचं. आत आलेलं ऊन बाहेर काढायला टनावारी एसी लावायचे. एसीचं बिल डोळ्यांवर येऊ नये म्हणून गच्चीवर चार सोलर पॅनेलं टाकायची, लॉबीत हिरव्या पानाचं चित्र असलेलं प्रमाणपत्र लटकवायचं आणि ब्रोशरमध्ये छापायचं : ‘सूर्याशी मैत्री’. असली मैत्री सूर्यालाच परवडते. तो लांब राहतो.

शनिवारच्या पुरवणीत हल्ली एक तरी ‘सोलर टाउनशिप’ जन्माला येते. तिच्यात सोलर नेमकं काय असतं, हे मी चिकाटीनं शोधत असतो. बहुतेकदा फाटकाजवळचे दिवे असतात. ते पावसाळ्यात विझतात. नाही विझले तर झाडाआड गेलेले असतात. गच्चीवर पाणी तापवायचे बंब असतात. त्यांचं गरम पाणी वरच्या तीन मजल्यांना लगेच मिळतं, खालच्यांना दोन बादल्या गार पाणी मोरीत सोडल्यानंतर. बंब असला की पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के सूट देते. जोडीला पावसाचं पाणी जिरवलं किंवा गांडूळखत केलं तर दहा. त्यामुळे शहरातली गांडुळं निदान कागदोपत्री तरी सुखात आहेत.

बाकी टाउनशिपची आखणी मात्र सूर्य या गावात उगवतच नाही, अशा थाटात झालेली असते. इमारती कुठल्या दिशेला? जिकडून टेकडी दिसते तिकडे. मजले किती? जेवढे मंजूर होतील तेवढे. ऑफिसं कुठे? पंचवीस किलोमीटरवर. आणि सूर्याचं काय करायचं? त्याचा एक वेंडर आहे, तो शेवटी बघतो.

सौर वस्ती शेवटी बघता येत नाही, एवढंच या आठवड्याचं म्हणणं. ती पहिल्या दिवशी, नकाशाच्या कोऱ्या कागदावर बघावी लागते. तेव्हा फक्त दोन प्रश्न विचारायचे असतात. भरदुपारी इथे वीज कोण वापरणार? आणि एका गच्चीखाली किती माणसं राहणार? पॅनेल कुठल्या कंपनीचं, हा तिसरा प्रश्न. आपण सुरुवातच तिसऱ्यापासून करतो, कारण त्यावर अनुदान आहे.

सौर वस्ती म्हटली की आपले जाणकार जर्मनीतल्या फ्रायबुर्गचं नाव घेतात. घ्यावंच. फ्रेंच फौजेनं १९९२ मध्ये तिथली छावणी रिकामी केली आणि त्या जागेवर व्होबाँ नावाची वस्ती उभी राहिली. तिच्या कडेला रोल्फ डिश या वास्तुविशारदानं ५९ घरांची सौर वसाहत रचली. हा गृहस्थ हाडाचा सूर्यवेडा. १९९४ मध्ये त्यानं स्वतःसाठी जे घर बांधलं, ते सूर्याबरोबर गोल फिरतं. पण वसाहतीत त्यानं फिरवाफिरवी केली नाही. मोठ्या रस्त्याला लागून एक लांबलचक इमारत ठेवली, तिचं नाव ‘सूर्यनौका’. तिच्यात खाली दुकानं, वर कचेऱ्या, आणि कचेऱ्यांच्या डोक्यावर नऊ घरं. तिच्या मागे, रस्त्याच्या आवाजापासून लपलेली, ठेंगण्या घरांच्या आडव्या ओळी, एकूण पन्नास घरं. छपरावर पॅनेलं नाहीत. पॅनेलं हेच छप्पर. वर्षभराचा हिशोब केला तर ही घरं वापरतात त्यापेक्षा जास्त ऊर्जा देतात.

आता फ्रायबुर्गचं ऊन काय लायकीचं? तिथे एक किलोवॅटची पॅनेलं वर्षाला साधारण हजार युनिट देतात. पुण्यात तीच पॅनेलं चौदाशेच्या आसपास देतात. म्हणजे ऊन आपलं, वस्ती त्यांची. डिसेंबरात भरदुपारी त्यांचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंश वर येतो, त्यामुळे दहा मीटर उंच घराची सावली तीस मीटर लांब पडते. म्हणून दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, छपराचा उतार किती, खिडकी कुठे, हे त्यांनी काटेकोर मोजलं. उन्हाची चणचण असली की माणूस ते असं नाण्यासारखं मोजतो. आपल्याकडे ते फुकट सांडलेलं असतं, त्यामुळे त्याचा हिशोब विचारणारा विक्षिप्त ठरतो.

आणि हे सगळं एका हुशार वास्तुविशारदानं केलं, असंही नाही. १९७५ मध्ये जवळच्या वील गावात अणुवीज केंद्र होणार होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि द्राक्षमळेवाल्यांनी जागाच ताब्यात घेतली. केंद्र झालं नाही. १९८१ मध्ये फ्रायबुर्गला सौर ऊर्जेची संशोधन संस्था आली. २००० मध्ये जर्मनीत कायदा आला, की छपरावरची वीज ठरलेल्या दरानं वीस वर्षं विकत घेतली जाईल. नको कशाला म्हणायचं ते आधी ठरलं, हवं काय ते नंतर शिकले, आणि पैसे कुठून येणार ते शेवटी कायद्यात लिहिलं. आपले अभ्यासदौरे अशा ठिकाणी जातात तेव्हा इमारतीसमोर उभं राहून फोटो निघतो. फोटोत १९७५ येत नाही.

तर पहिला प्रश्न. दुपारी बारा वाजता घरी कोण असतं?

नवरा-बायको ऑफिसात. मुलं शाळेत. घरी आजोबा असतात, पंख्याखाली. आजी असतात, बेडरूममध्ये एसी आहे, पण तो चिरंजीव आल्यावर लावायचा अशी घरातली रीत आहे. फ्रिज आपला गुरगुरत असतो. नेमका त्याच वेळी गच्चीवर सूर्य डोक्यावर येऊन धो धो वीज ओततो. ती ग्रिडमध्ये जाते. संध्याकाळी सातला सगळे परत येतात; एसी, गीझर, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, सगळं एकदम सुरू होतं, आणि गच्चीवरच्या पॅनेलांकडे तेव्हा चंद्र असतो.

यावर आपलं ठरलेलं उत्तर : दुपारी ग्रिडला द्यायची, रात्री ग्रिडकडून घ्यायची. नेट मीटरिंग. उत्तम सोय आहे, चार जणांनी केली तोवर. चाळीस लाखांनी केली की दुपारी ग्रिडच्या गळ्यात वीज आणि रात्री नरड्याला कोरड. ग्रिड म्हणजे काही माहेर नाही, की दुपारी नको ते टाकून यावं आणि रात्री हवं ते उचलून आणावं. वीज कंपन्यांनाही हे कळायला लागलंय. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत आहे. सरकार सांगतंय, दुपारी वापरा. कोण वापरणार? आजोबांनी दुसरा पंखा लावावा?

ऑफिस वापरतं. सकाळी दहाला दिवे लागतात, अकराला एसी, दुपारी दोनला सगळं ऐन भरात, सहाला सामसूम. सूर्याची वेळ आणि ऑफिसची वेळ जवळजवळ एकच. सरकारी कार्यालयाची तर सूर्यापेक्षाही पक्की. सूर्य निदान जेवायची सुट्टी घेत नाही. आणि रविवारी? रविवारी ऑफिस बंद, तेव्हा नेमके सगळे घरी असतात. वॉशिंग मशीन दोनदा फिरतं, पुरणाला मिक्सर लागतो, पाहुणे येतात म्हणून हॉलचा एसी. सहा दिवस दुपारची वीज ऑफिसनं खावी आणि सातव्या दिवशी घरानं, असा हा जोडा. एका गल्लीत, एका ट्रान्सफॉर्मरवर घरं आणि ऑफिसं ठेवली तर निम्मा प्रश्न बॅटरीशिवाय सुटतो.

पण ऑफिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयटी पार्क येतो. अमेरिकेच्या घड्याळावर चालणारं ऑफिस सौर वस्तीत काय कामाचं? त्यांचा दिवस आपल्या रात्री उगवतो. इथे लागतात ती गल्लीतली ऑफिसं : सीए, दातांचा डॉक्टर, बँकेची शाखा, क्लास, झेरॉक्सवाला, शिवणकामाच्या बायका, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे पिठाची गिरणी. दहा हॉर्सपॉवरची गिरणी म्हणजे साडेसात किलोवॅट. ती अकरा ते चार चालवा, वस्तीचं पीठ उन्हावर दळून निघेल. कुठल्याही नेट झीरो अहवालात गिरणीचं नाव मला अजून सापडलेलं नाही. अहवाल लिहिणाऱ्यांकडे पीठ पिशवीतून येतं.

गंमत पुढेच आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, लक्ष्य एक कोटी घरं. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. चांगलीच योजना आहे, आणि तिच्यामुळे लोकांनी मनावर घेतलं हे नाकारायचं कारण नाही. पण अनुदान घराला, म्हणजे जिथे दुपारी कोणी नसतं तिथे. खालच्या दवाखान्याला, जिथे दुपारी वीज खरोखर लागते, तिथे नाही. डॉक्टरांना आयकरात घसारा मिळतो हे मान्य, पण त्यासाठी आधी गच्ची लागते. गच्ची वरच्यांची. वरच्यांचा मीटर घरगुती, खालच्यांचा व्यावसायिक. दर वेगळे, अर्ज वेगळे. मध्ये फक्त एक स्लॅब, सहा इंचांचा. वरून खाली पाणी गळतं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. वीज उतरवायची म्हटली की फाइल होते.

दुसरा प्रश्न गच्चीचा. इथे जरा आकडेमोड करू, कारण ब्रोशरवाले ती कधी करणार नाहीत.

समजा इमारतीचा तळ पाच हजार चौरस फुटांचा, एका मजल्यावर चार फ्लॅट. गच्चीही तेवढीच. तिच्यातून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिना, बंब, डिश अँटेना आणि या सगळ्यांच्या सावल्या वजा करा. निम्मी उरली तरी भाग्य : अडीच हजार फूट. एका किलोवॅटला शंभरेक फूट लागतात, म्हणजे २५ किलोवॅट. पुण्यात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. एकूण शंभर युनिट.

आता खाली बावीस मजले असतील तर फ्लॅट ८८. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सव्वा युनिटसुद्धा येत नाही. तेही हाती लागत नाही, कारण बावीस मजल्यांवर पाणी चढवायला आणि माणसं चढवायलाच बरीच वीज जाते. म्हणजे टॉवरच्या गच्चीवरचा सूर्य टॉवर उंच असल्याचा दंड भरतो आणि दमून मावळतो. त्याच तळावर तीन मजले असतील तर फ्लॅट बारा. प्रत्येकाला आठ युनिट. महिन्याला २४० होतात. दोन पंखे, फ्रिज, गीझर आणि रात्री एखादा एसी, एवढ्या संसाराचं भागून वर थोडी उरते. ती खालच्या दवाखान्याला विकता येईल, फाइल हलली तर.

सूर्याला एफएसआय कळत नाही. त्याच्या लेखी गच्ची एकच, मग तिच्याखाली तीन मजले असोत की तीस. म्हणून सौर गाव लवकर होतं आणि सौर शहर होत नाही. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. तिथे माणसागणिक छप्पर आहे. आपल्याकडे छपरागणिक तीनशे माणसं.

म्हणजे सगळ्यांनी बंगल्यात राहावं, असं कोणी म्हणत नाही. बंगले पसरले की शहर पसरतं, मग गाडी लागते, आणि गाडी हे या गोष्टीतलं खरं भोक आहे. ते मोजून बघा. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर धरा. पंधराचं ॲव्हरेज असलेली गाडी त्याला पावणेतीन लिटर पेट्रोल पिते. एका लिटरात नऊ युनिटांहून जास्त ऊर्जा असते. म्हणजे रोज पंचवीस युनिट धुराड्यातून. इंजिनिअर लगेच हात वर करतील, की पेट्रोलची उष्णता आणि वीज यांची अशी तुलना चालत नाही. बरं, एक तृतीयांश धरा. तरी आठ होतात. मध्यमवर्गीय घराची अख्ख्या दिवसाची वीज पाच-सहा युनिट. गच्चीवर तीन किलोवॅट बसवून ‘आमचं बिल शून्य’ असा स्टेटस टाकणारा गृहस्थ त्याच सकाळी चांदणी चौकात एकटा एसी लावून पहिल्या गिअरमध्ये बसलेला असतो. बिल शून्य आहे, खरं आहे. पंपावरच्या पावतीला बिल म्हणत नाहीत.

म्हणून ऊर्जा वाचवणाऱ्या वस्तीतलं सगळ्यांत कार्यक्षम यंत्र म्हणजे चालत जाण्याइतकं जवळचं ऑफिस. त्याला सिलिकॉन लागत नाही, चप्पल लागते. व्होबाँत त्यांनी गाड्या वस्तीच्या कडेला बहुमजली वाहनतळात ठेवल्या. गाडी हवी असेल तर तिथली जागा वेगळी विकत घ्यायची. त्या वाहनतळाच्याही डोक्यावर पॅनेलं. २००६ मध्ये ट्राम दारात आली. आपल्याकडे अशी अट घातली तर पहिला मोर्चा कोण काढेल, ते मी सांगायला नको. आपल्याकडे आधी दोन पार्किंग, मग त्यांच्यावर घर.

हे आपल्याला सुचलंच नाही, असंही नाही. हडपसरला मगर मंडळींनी सुमारे चारशे एकर जमीन, शंभरावर शेतकरी कुटुंबांची, बिल्डरला तुकड्या-तुकड्यांनी विकण्याऐवजी एकत्र ठेवली आणि घरं, ऑफिसं, शाळा, दवाखाना एका कुंपणात आणले. छपरांवर सौर बंब बसवले. मगरपट्ट्याचं कौतुक जगभर झालं, योग्यच झालं. अडचण आखणीत नाही, माणसाच्या आयुष्यात आहे. घराचं कर्ज वीस वर्षांचं, नोकरी तीन वर्षांची. ऑफिसजवळ फ्लॅट घ्यावा, तर ऑफिसच उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं. कुठलाही नगररचनाकार यावर औषध देऊ शकत नाही. म्हणून तर मघापासून गिरणी आणि दवाखाना म्हणतोय. दातांचा डॉक्टर सहसा खराडीला बदली होऊन जात नाही.

लंडनच्या दक्षिणेला बेडझेड नावाची वस्ती २००२ मध्ये झाली. ८२ घरं आणि त्यांना खेटून ऑफिसं. बिल डन्स्टर या वास्तुविशारदानं तिथे एक फार शहाणी गोष्ट केली : घरं दक्षिणेला, ऑफिसं उत्तरेला. थंडीच्या देशात घराला ऊन हवं. ऑफिसात मात्र माणसं आणि संगणक मिळूनच इतकी उष्णता होते की ऊन नकोसं होतं. एकाच इमारतीत दोघांची सोय. सोबत एक चमकदार यंत्रही आणलं : लाकडाच्या ढलप्यांवर चालून वीज आणि गरम पाणी देणारं. ते सारखं बिघडायचं, आणि काही वर्षांत बंदच पडलं. मग गॅसचे साधे बॉयलर आले. जाड भिंती आणि दक्षिणेच्या खिडक्या मात्र बिघडल्या नाहीत. भिंतीला एएमसी लागत नाही, म्हणून तिच्यात कोणाचं कमिशनही नसतं.

आपण उचलताना नेमकं उलटं उचलतो. भिंतीचा विचार तिथेच ठेवतो आणि काच घेऊन येतो. फ्रायबुर्ग ४८ अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य अगदी डोक्यावर येतो, दुपारी स्वतःची सावली सापडत नाही. तेव्हा त्यांची मोठी दक्षिण खिडकी इथे जशीच्या तशी लावणं हा अडाणीपणा, आणि पश्चिमेला लावणं हा गुन्हा. उंचावरचं ऊन छज्ज्यानं अडतं; संध्याकाळचं तिरपं ऊन छज्ज्याखालून आत शिरतं. इथली सौर वस्ती म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेकडे जिना, मोरी, कोठीची खोली, खिडक्यांवर हातभर छज्जे, आणि गच्चीवर पॅनेलांचा मांडव. मांडवाचा खरा लाभार्थी वरच्या मजल्यावरचा : त्याचा स्लॅब तापत नाही. हा शोध माझा नाही. आपल्या वाड्यांना पडव्या होत्या, रस्त्याच्या अंगाला दुकान होतं आणि मागे बिऱ्हाड होतं. केंद्रानंही २००७ मध्ये मोठ्या इमारतींसाठी आणि २०१८ मध्ये घरांसाठी संहिता काढली, तिच्यात भिंतीतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा चक्क आकड्यात दिली आहे. तुमच्या बिल्डरला ती विचारा. तो म्हणेल, मॅडम, मॉड्युलर किचन देतोय ना.

आता खरी बोच. अशी वस्ती नव्यानं बांधायची गरज नाही. ती आपल्याकडे आहे. १९६१ च्या पानशेत पुरानंतर वसलेलं सहकारनगर, गोखलेनगर; सत्तर-ऐंशीच्या दशकातलं कोथरूड, कर्वेनगर; डोंबिवली-ठाण्याच्या जुन्या गल्ल्या, नाशिकच्या कॉलन्या. तीन-चार मजले, खाली डॉक्टर आणि किराणा, पहिल्या मजल्यावर क्लास, वर घरं, चालत बाजार. गच्ची आणि माणसं यांचं प्रमाण बरोबर, दुपारचा वापर आहे, गाडी कमी. फक्त पॅनेलं बसवायची राहिली होती. तेवढ्यात पुनर्विकास आला.

आमच्याच सोसायटीची गोष्ट. तीन मजले, बारा फ्लॅट, खाली चार गाळे. पॅनेलांचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, गच्ची आमच्या डोक्यावर आहे, गळाली तर कोण बघणार? पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मग कुरडया कुठे घालायच्या? गाळेवाल्यांना मतच नाही, असं एकानं ठासून सांगितलं. गाळेवाले मेंटेनन्स सगळ्यांपेक्षा जास्त भरतात, ही बारीकशी बाब दुसऱ्यानं पुटपुटली.

“सेक्रेटरीकाका, अहो पाच वर्षांत पैसे वसूल होतात,” तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी शेवटचा प्रयत्न केला.

“डॉक्टर, पाच वर्षं ही बिल्डिंग कुठे राहत्येय?” काका म्हणाले.

सगळे हसले. मग बिल्डरच्या माणसानं लॅपटॉप उघडला. चौदा मजले, तीस टक्के जादा कारपेट, दोन पार्किंग, पोडियमवर योगासनांची जागा. कोणीतरी भाबडेपणानं विचारलं, सोलर आहे का? आहे ना साहेब, लिफ्ट आणि कॉमन लाइटसाठी सोलर आहेच, ग्रीन बिल्डिंग आहे. दवाखान्याचं काय, गिरणीचं काय? गिरणी चालणार नाही, आवाज होतो. दवाखाना बघू, तळमजला पूर्ण पार्किंगला जातोय.

मी सावलीचा मुद्दा काढला. डिसेंबरात पुण्याचा सूर्य भरदुपारीही ४८ अंशांवरच असतो. ४५ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला चाळीस मीटर जाते. आमच्या मागच्या तीन मजली सोसायटीनं गेल्या वर्षीच गच्चीवर पॅनेलं बसवली आहेत, कर्ज काढून. तिच्या गच्चीच्या उंचीवरही आमची सावली तीसेक मीटर पोचेल, म्हणजे अख्खी गच्ची झाकेल. पॅनेलं माळेत जोडलेली असतात. चार-दोन झाकली गेली तरी माळेची वीज घसरते. त्यांनी काय करायचं?

“त्यांनीही रीडेव्हलपमेंटला जायचं,” बिल्डरचा माणूस अतिशय गोड आवाजात म्हणाला. “आम्हीच करून देऊ.”

ठराव एकमतानं मंजूर झाला. सोलरचा विषय नव्या इमारतीत घ्यायचं ठरलं. चहा आला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आमच्या दक्षिणेच्या सोसायटीनंही गेल्या महिन्यात बिल्डर पक्का केला आहे. बावीस मजले.